प्रजाती १

सयाजीबागेतल्या बडोदा म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा एक सांगाडा आहे. सत्तर फुटांच्या आसपास लांबी. महीच्या मुखाशी लागलेला तो प्राणी इथे येऊन या शहराचाच झाला. बडोद्यात वाढलेलं पोर, मराठी असो की गुजराती, कधी ना कधी त्याच्या बरगड्यांसमोर तोंड उघडं टाकून उभं राहिलेलं असतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते तेव्हा मीही दरवर्षी नवी तुकडी तिथे नेत असे. मुलं जबड्याची लांबी पावलांनी मोजत, मणके मोजत, आणि परतताना ज्याच्या त्याच्या तोंडी तोच.

माझं मन मात्र ज्या गाळाशी तो देवमासा लागला, त्या गाळातच राहिलं. महीच्या मुखाशी पसरलेल्या त्या राखाडी चिखलात मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबीचे प्राणी राहतात. त्यांना हाडं नाहीत, त्यामुळे सांगाडा नाही, त्यामुळे दालनही नाही. ते गोलकृमी. शेतकरी त्यांच्या भाऊबंदांना सूत्रकृमी म्हणून ओळखतात, डॉक्टर जंत म्हणून. समुद्रतळाच्या गाळात जाड चाळणीतून गळून जाणारे जे बारीक बहुपेशीय जीव असतात, त्यांत बहुतेक ठिकाणी दहातले सात ते नऊ हेच असतात. एका चौरस मीटर गाळात त्यांची संख्या लाखांत जाते, कुठे कुठे दहा-दहा लाखांच्या घरात. इतकी दाट वस्ती, आणि तिच्यातल्या बहुतेकांना नाव नाही. गेली कित्येक वर्षं माझ्या दुपारी या वस्तीत जातात.

मी तरसालीत राहते. तरसाली म्हणजे बडोद्याचं दक्षिण टोक. एका बाजूला मकरपुऱ्याची कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या बाजूला मुंबईकडे जाणारा महामार्ग, मध्ये तळं, आयटीआय, आणि एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या सोसायट्या. इथून समुद्र दिसत नाही, त्याचा वारा लागत नाही, मासळीचा वाससुद्धा फक्त बाजाराच्या दिवशी. पण पाण्याच्या हिशेबाने पाहिलं तर तरसाली समुद्राला बांधलेलीच आहे. पावसाळ्यात आमच्या रस्त्यावरून वाहणारं पाणी नाल्यांना लागतं, नाले जांबुवा आणि विश्वामित्रीकडे जातात, त्या ढाढरच्या संगतीने खंभातच्या आखाताकडे निघतात. आमच्या गच्चीवरची धूळ शेवटी कुठे बसते, याचं उत्तर आखाताच्या तळाशी आहे.

त्या आखाताच्या काठी कावी-कंबोईला आमच्याकडची माणसं दर्शनाला जातात. स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीखाली जातं आणि दोनदा पुन्हा वर येतं. जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक इथली. पलीकडे भावनगरच्या बाजूला पाण्याची चढउतार दहा मीटरच्याही वर जाते. एवढं पाणी आत घुसतं आणि बाहेर ओढलं जातं, तेव्हा गाळ तळाशी स्वस्थ बसूच शकत नाही. आखाताचं पाणी बारा महिने मातकट असतं ते त्यामुळे. ओहोटी लागली की लोक देवळाकडे वळतात. मी जरा बाजूला, जिथे चिखल अजून चमकतो आहे तिथे उकिडवी बसते. वरचा थर तपकिरी, त्यात शैवालाची हलकी सोनेरी झाक. बोटभर खाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्या वासावरून कळतं की प्राणवायू संपला. माणसाला तिथे दोन मिनिटं श्वास घेता येणार नाही. गोलकृमी तिथे घर करतात.

चमचाभर गाळ बरणीत घेऊन मी घरी येते. त्रेसष्ट मायक्रॉनच्या चाळणीवर तो हलक्या धारेखाली धुते. बारीक माती निघून जाते. उरतात वाळूचे कण, शिंपल्यांची भुकटी, कुजक्या पानांचे तंतू. ते काचेच्या वाटीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की आधी सगळं निश्चल दिसतं. मग एका कोपऱ्यात काहीतरी वळवळतं. नजर एकदा त्या हालचालीला सरावली की वाटीभर तीच दिसू लागते.

ती हालचालही त्यांची एकट्यांची. गांडुळाच्या अंगात आडवे-उभे दोन्ही स्नायू असतात, म्हणून ते आखडतं, लांबतं, पुढे सरकतं. गोलकृमीला फक्त उभे स्नायू. बाहेरून चिवट आवरण, आत दाबाखालचा द्रव, आणि या दोहोंच्या ताणाविरुद्ध एकदा पाठीकडचे स्नायू ओढायचे, एकदा पोटाकडचे. त्यामुळे तो फक्त वाकू शकतो, आणि तेही त्याच एका प्रतलात. मोकळ्या पाण्यात त्याची नुसती तडफड होते, जागचा हलत नाही. पण गाळाचे कण दोन्ही बाजूंना आले की त्याच वाकण्याला टेकू मिळतो आणि तो सुळकन पुढे जातो. हा प्राणी गाळासाठीच घडलेला आहे. वाटीतल्या स्वच्छ पाण्यात त्याची ओढाताण पाहताना मला दरवेळी वाटतं, आपण त्याला त्याच्या भूमीवरून उचललं आहे, तर निदान नीट बघावं.

नीट बघणं म्हणजे काय, हे मला या प्राण्यांनी शिकवलं. त्यांचं अंग पारदर्शक. कातडीखालचं काहीच लपत नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची अन्ननलिका, तिच्याभोवतीच्या ग्रंथी, मादीच्या पोटातलं अंडं, शेवटच्या घासाचा रंग, सगळं एका नजरेत येतं. आणि तरीही ओळख पटत नाही. पहिले काही महिने सगळे सारखेच दिसतात. मग एक दिवस डोक्याच्या बाजूला एक खूण दिसते. तिला अ‍ॅम्फिड म्हणतात. पाण्यातली रसायनं हुंगण्याचं ते इंद्रिय, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. कुणाचं अ‍ॅम्फिड साधं वर्तुळ, कुणाचं खिशासारखं चिरलेलं. सॅबाटिएरिया नावाच्या गोलकृमीचं जिलबीच्या वेढ्यांसारखं गोल गोल फिरत आत जाणारं. हॅलालेमसचं तर मानेवरून खाली गेलेली लांबच लांब उभी फट. एकदा अ‍ॅम्फिड बघायची सवय लागली की गर्दीला चेहरे येतात.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो टर्शेलिंजिया लाँजिकॉडाटा. डच शास्त्रज्ञ द मान यांनी 1907 साली त्याचं वर्णन केलं; टर्शेलिंजिया हे घराण्याचं नाव त्यांनी त्याआधीच दिलेलं, उत्तर समुद्रातल्या टर्शेलिंग बेटावरून. माझ्यापुढच्या काचपट्टीवर त्याचा नर आहे. केसापेक्षा बारीक अंग, डोक्याकडे किंचित निमुळतं. अगदी पुढे चार ताठ रोम. त्यांच्यालगत गोल अ‍ॅम्फिड, शाईच्या टिंबाइतकं रेखीव. तोंड जवळजवळ नाहीच. दात नाहीत, जबडा नाही. अन्ननलिका मागे जाऊन एका गोल फुगवट्यात संपते, आणि जिवंतपणी तो फुगवटा सतत धडधडत जीवाणू आत ओढत असतो. मग लांब, शांत आतडं. गुदद्वाराशी दोन वाकडे काटे, मादीला भिडण्यासाठीचे. त्यांच्या पाठीशी त्यांना दिशा देणारी छोटीशी पट्टी. आणि तिथून पुढे शेपूट: आधी शंकूसारखी उतरती आणि मग एकदम बारीक होत गेलेली, इतकी लांब की भिंगाच्या क्षेत्रात मावत नाही, पट्टी सरकवत सरकवत तिच्या टोकापर्यंत जावं लागतं. बऱ्याच सागरी गोलकृमींच्या शेपटीत तीन ग्रंथी असतात. टोकाच्या छिद्रातून चिकट द्रव सोडून प्राणी कणाला धरून राहतो, आणि मग लाट ओढत असताना तो वाहून जात नाही. खंभातच्या ओढीत टिकून राहणाऱ्यांकडे असलं काहीतरी हवंच.

द मान यांनी आणखी एक गोष्ट दिली, आजही रोज वापरली जाणारी. लांबी भागिले जास्तीत जास्त जाडी, लांबी भागिले अन्ननलिका, लांबी भागिले शेपूट. ही तीन गुणोत्तरं जगभरात अजून त्यांच्याच नावाने ओळखली जातात. प्राणी वाढला, आक्रसला, जरा लहान निघाला, तरी प्रमाण बरंचसं टिकतं. अमेरिकेत नेथन कॉब यांनी दोन पातळ काचांमध्ये प्राणी ठेवायची धातूची चौकट काढली, म्हणजे पट्टी उलटून दुसऱ्या बाजूनेही पाहता यावं. 1959 साली साइनहॉर्स्ट यांनी प्राण्याला हळूहळू पाण्यातून ग्लिसरिनमध्ये नेण्याची रीत बसवली. घाई केली तर तो चिपटतो, सुरकुततो, आणि मग काहीच कळत नाही. पाणी उडून जाऊन निव्वळ ग्लिसरिन उरेपर्यंत थांबायचं. मग एका तुसाने किंवा बांबूच्या सलीने त्याला उचलायचं, थेंबात ठेवायचं, काच त्याला दाबू नये म्हणून बाजूला त्याच्याच जाडीचे काचेचे कण ठेवायचे, मेणाने कड बंद करायची. या सगळ्या रीतींमध्ये मला एक अदब दिसते. अर्ध्या शतकाच्या अंतराने जगलेली ही माणसं, पण प्रत्येकाने एकाच गोष्टीची काळजी घेतली: पाहण्याच्या भरात प्राणी बिघडू नये.

तोंडांकडे पाहायला व्हिएन्नाच्या वोल्फगांग वीझर यांनी शिकवलं. 1953 साली त्यांनी मुखाच्या घडणीवरून गोलकृमींचे चार गट पाडले. ज्यांना तोंडाची पोकळी जवळजवळ नाही ते जीवाणू टिपणारे. रुंद, बिनदाती तोंडाचे ते मिळेल तो गाळकण गिळणारे. छोटा दात असलेले ते कणांवरचं शैवाल खरवडणारे, डायटम नावाच्या शैवालाची काच फोडून आतला रस पिणारे. आणि मोठे दात, जबडे असलेले ते शिकारी, दुसऱ्या कृमींना धरणारे. म्हणजे चमचाभर गाळात चरणारे आहेत, झाडलोट करणारे आहेत, वाघही आहेत. नुसत्या तोंडांची गणती केली तरी तिथे काय शिजतं आहे आणि कोण कोणाला खातं आहे, हे कळू लागतं.

आमच्या सोसायटीत रावेरकडच्या एक ताई राहतात. माहेरी केळीची बाग. एका दुपारी त्यांनी भिंगाला डोळा लावला आणि म्हणाल्या, "अहो बाई, हा तर आमच्या केळीला लागतो तोच ना? मुळं खाऊन टाकतो मेला."

"त्याचाच लांबचा भाऊ," मी म्हटलं. "हा मुळं खात नाही. हा समुद्रातला."

"मग हा काय करतो?"

तो जीवाणू खातो. जीवाणू खाल्ल्याने जीवाणूंची वाढ थांबत नाही, उलट त्यांना नवी धार येते, सडलेलं लवकर विरघळतं आणि त्यातलं नत्र, स्फुरद पुन्हा पाण्याला मिळतं. त्याच्या वळवळण्याने गाळात बारीक वाटा पडतात, त्यातून थोडा प्राणवायू खाली उतरतो. कोळंबीची पिल्लं, तळाशी चरणारे मासे त्याला खातात. मी हे सांगत गेले आणि ताई ऐकत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे शेतात जे गांडूळ करतं ते." बरोबर होतं. पिकाच्या शत्रूच्या घरात असा कामाचा माणूस निघावा, याचं त्यांना नवल वाटलं. मला त्यांच्या प्रश्नाचं वाटलं, कारण पहिल्याच भेटीत त्यांनी विचारावं तेच विचारलं होतं.

आपल्या उपखंडात हा प्रश्न विचारणारे फार थोडे झाले. 1914 साली एफ. एच. स्टुअर्ट यांनी ओडिशाच्या चिल्का सरोवरातल्या मुक्तजीवी गोलकृमींवर टिपण प्रसिद्ध केलं. मालदीवच्या प्रवाळांतले गोलकृमी जर्मनीच्या सेबास्टियन गेरलाख यांनी 1962 साली वर्णिले. आणि बंगालच्या उपसागरातल्या सागरी गोलकृमींवर 1961 साली लिहिलं ते फादर रिचर्ड टिम यांनी. त्यांच्याविषयी थांबून सांगायला हवं. अमेरिकेतून आलेला हा ख्रिस्ती धर्मगुरू ढाक्याच्या नोत्र दाम कॉलेजात शिकवत होता, आणि मोकळ्या वेळात समुद्रकाठच्या गाळातून कृमी वेचून त्यांची चित्रं काढत होता. 1970 च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळाने किनाऱ्यावरची लाखो माणसं नेली, तेव्हा ते मनपुरा बेटावर मदतीला गेले आणि पुढचं आयुष्य पुनर्वसनात, मजुरांच्या आणि हक्क नाकारलेल्यांच्या बाजूने गेलं. 1987 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चरित्रं लिहिणारे ही दोन वेगळी आयुष्यं मानतील. मला ती एकच वाटतात. ज्याने वर्षानुवर्षं डोळ्यांना न दिसणाऱ्या प्राण्याचे रोम मोजले, त्याला वादळानंतर कुणाच्याच यादीत नसलेली माणसं दिसली, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

पश्चिमेकडच्या आपल्या समुद्राची ही ओळख प्रामुख्याने गोव्यात झाली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. दोना पावलाच्या टेकडीवर तिचं घर. अरुण परुळेकर, झेड. ए. अन्सारी, पुढे बबन इंगोले यांच्यासारख्यांनी तिथे समुद्रतळाच्या जीवांचा अभ्यास पिढ्या जोडत नेला. जहाजावरून पोलादी पेटी तळाशी सोडायची, ती गाळाचा चौकोनी तुकडा जसाच्या तसा कापून वर आणते. त्यात नळी खुपसून थर वेगळे करायचे: वरचे दोन सेंटिमीटर, त्याखालचे तीन. फॉर्मलिनमध्ये ठेवायचे, रोझ बेंगालने गुलाबी रंगवायचे, म्हणजे राखाडी गाळात प्राणी उठून दिसतात. आणि मग महिनोन्‌महिने बसायचं.

अशा बैठकीतून रवैल सिंग आणि बबन इंगोले यांचा 2016 सालचा शोधनिबंध आला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या समुद्रतळावर, 34 मीटरपासून 2546 मीटर खोलीपर्यंतच्या गाळात त्यांना 24 कुळांतल्या 110 प्रजाती मिळाल्या. अरबी समुद्रात मधल्या खोलीवर, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खाली, एक पट्टा असा आहे की तिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. वरून मेलेलं प्लवक भरपूर पडतं, ते कुजताना सगळा प्राणवायू खातं, आणि ताजं पाणी तिथे लवकर पोचत नाही. बहुतेक मोठे प्राणी तो पट्टा सोडून जातात. गोलकृमी राहतात. आणि किनाऱ्यालगतच्या उथळ तळापासून अडीच हजार मीटरपर्यंत भेटत राहतो तो माझ्या काचपट्टीवरचाच टर्शेलिंजिया, उत्तर समुद्रातल्या बेटाचं नाव घेऊन.

पण त्या प्रजातींच्या यादीत मला सर्वांत जास्त थांबवतात त्या दुसऱ्याच ओळी. 'डेस्मोडोरा, प्रजाती १.' डेस्मोडोरा हे घराण्याचं नाव. पुढे फक्त आकडा. याचा अर्थ असा की हा प्राणी पाहिला गेला, मोजला गेला, इतरांपासून वेगळा ओळखला गेला, तो त्या समुद्रतळावरच्या प्रमुख रहिवाशांपैकी आहे, आणि तरी ज्ञात असलेल्या कुठल्याही प्रजातीच्या वर्णनात त्याला खात्रीने बसवता आलेलं नाही. हा आकडा लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा आहे. नर मिळाला नसेल. मिळालेली सगळी पिल्लं असतील, आणि चार वेळा कात टाकून प्रौढ होईपर्यंत या प्राण्यांची ओळख पटवणारे काटे उगवतच नाहीत. जुनं वर्णन दोन ओळींचं असेल, चित्र अपुरं असेल. अशा वेळी ओढूनताणून नाव चिकटवण्यापेक्षा आकडा लिहिणं चांगलं. जगातल्या सागरी गोलकृमींच्या यादीत मुक्तजीवी प्रजाती सुमारे सात हजार आहेत. प्रत्यक्षात त्या याच्या कित्येक पट असणार याविषयी या क्षेत्रात दुमत नाही. म्हणजे पृथ्वीच्या बहुतांश समुद्रतळावर बहुतांश रहिवासी अजून 'प्रजाती १', 'प्रजाती २' असेच आहेत, किंवा तेवढेही नाहीत.

त्याच्या शेजारी दुसरं एक चित्र ठेवून पाहते. मातीत राहणारा एक गोलकृमी आहे, सिनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. त्याच्या उभयलिंगी प्रौढाच्या अंगात 959 कायिक पेशी, 302 चेतापेशी. प्रत्येक पेशी कुठून आली हे माहीत आहे, चेतापेशींची जोडणी 1986 साली नकाशासारखी मांडली गेली, संपूर्ण जनुकक्रम 1998 मध्ये वाचला गेला, आणि 2002 चं वैद्यकाचं नोबेल त्याच्यावरच्या कामाला मिळालं. जगात इतका आरपार ओळखीचा दुसरा प्राणी नाही. त्याच संघातल्या, आपल्या किनाऱ्यासमोरच्या भाईबंदाला नाव नाही. एकाला आपण शेवटच्या पेशीपर्यंत ओळखलं आणि दुसऱ्याकडे वळायला माणूस मिळाला नाही. मला यात अन्याय दिसतो, प्राण्यावर नव्हे, त्याला काय फरक पडतो, आपल्या समजुतीवर. एका खोलीत दिवा लावून आपण घर पाहिलं असं मानतो आहोत.

म्हणून 'या समुद्रातली पहिली नोंद' असं शीर्षक असलेलं चार पानी टिपण हाती पडलं की मी ते सणासारखं वाचते. बाहेरून बघणाऱ्याला त्यात फक्त मोजमापं दिसतात: नर इतके, माद्या इतक्या, अ‍ॅम्फिडचा व्यास, काट्यांची कमानीवरून लांबी, शेपटीची लांबी. पण त्यामागे काय असतं ते माहीत असलं की प्रत्येक आकडा बोलतो. कुणीतरी शेकडो गुलाबी तंतूंमधून हा एक वेगळा काढला. नर मिळेपर्यंत थांबलं. भिंगाला जोडलेल्या आरशातून कागदावर त्याची रेघन्‌रेघ उतरवली. शंभर वर्षांपूर्वीची जर्मन, फ्रेंच वर्णनं मिळवून शब्दाशी शब्द ताडून पाहिला. रोम चार की सहा, यावर एक आठवडा गेला. आणि मग लिहिलं: ही ती प्रजाती, जी आजवर दुसऱ्या समुद्रात माहीत होती, आणि ती इथेही आहे. काचपट्टी संग्रहालयात ठेवली, क्रमांक दिला, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर त्याने स्वतः उघडून पाहावं.

आता डीएनए आला आहे, आणि त्याने हे काम सोपं केलं त्याहून जास्त खोल केलं. 2008 साली पुण्यश्लोक भादुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टर्शेलिंजियाच तपासला, आकार आणि जनुकं दोन्हींनी. लाँजिकॉडाटा या एका नावाखाली, भिंगाला सारखेच दिसणारे, पण वंशाने वेगळे असे प्राणी दडलेले निघाले. म्हणजे माझ्या पट्टीवरचा नर जगभर पसरलेला तोच, की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा, हे भिंग सांगू शकत नाही. पण जनुकाच्या ओळीला अर्थ येतो तो ज्याचं ते जनुक त्याची ओळख कुणीतरी आधी पटवलेली असली तरच. नाहीतर तीही 'क्रम १', 'क्रम २' अशीच यादी. भिंगाशी बसणारा माणूस त्यामुळे जुना ठरत नाही; उलट तो आणखी हवा आहे.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी आधी इटलीच्या रोबेर्तो दानोवारो यांचं काम सांगते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2008 साली खोल समुद्रातल्या 116 ठिकाणांची माहिती मांडली. जिथे गोलकृमींच्या प्रजाती जास्त, तिथे तळाचं कामकाज, म्हणजे सडवणं, परत करणं, नवं घडवणं, नुसतं जास्त नव्हे, कित्येक पटींनी जास्त. प्रजाती घटल्या की ते कामही तितक्याच वेगाने कोसळतं. मग मी त्या विचारणाऱ्याला सरोदला घेऊन जाते, मनाने. 1983 पासून बडोद्याच्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सुमारे पंचावन्न किलोमीटरच्या कालव्यातून जंबुसर तालुक्यातल्या सरोदजवळ महीच्या मुखाशी सोडलं जातं. आमच्या मकरपुऱ्यातली, नंदेसरीतली रोजी-रोटी ज्या कारखान्यांवर चालते, त्यांना पाणी कुठेतरी सोडावंच लागणार. पण ते जिथे जातं तिथे कोण राहतं, हे या शहराला माहीत असायला नको का? गाळातले गोलकृमी आपली जागा फारशी सोडत नाहीत, स्थलांतर करत नाहीत, त्यांची पिल्लं पाण्यात वाहून दूर जात नाहीत. जे काही तळाशी बसतं ते त्यांना भोगावं लागतं, म्हणून तळाची तब्येत सांगायला त्यांच्याइतका चोख साक्षीदार नाही. 1981 साली राफेली आणि मेसन यांनी कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जीवांशी त्यांचं प्रमाण पाहून प्रदूषण ओळखण्याची कल्पना मांडली. पुढे तिच्यावर वाद झाले, आणि त्या वादातून निघालं ते हेच की नुसती डोकी मोजून भागत नाही; कोण आहे ते ओळखावं लागतं.

तोच प्रश्न खोल समुद्रातही येतो. हिंदी महासागराच्या मध्यावर पाच किलोमीटर खोल तळावर धातूंचे गोटे पसरलेले आहेत. 1987 मध्ये भारताला त्या क्षेत्राचा पहिल्या फळीतला हक्क मिळाला. तळ ढवळला तर काय होईल हे पाहायला 1997 साली आपल्याच शास्त्रज्ञांनी तिथे एक मर्यादित प्रयोग केला, आणि तळाच्या जीवांची आधीची व नंतरची स्थिती तपासली; इंगोले त्या कामात होते. ही रीत मला योग्य वाटते. आधी ओळख, मग हात लावायचा की नाही याचा विचार. ज्याची नोंदच नाही ते नाहीसं झालं तर नुकसानीच्या रकान्यात काहीच लिहिता येत नाही. कागदावर तिथे आधीही काही नव्हतं आणि नंतरही काही नाही. नाव देणं हे मला म्हणून कधी हौसेचं काम वाटलं नाही. आपल्या कृतीचा जाब देण्याची ती पहिली अट आहे.

म्हणून बडोद्यातल्या मुलामुलींना मी हे सांगत असते. विद्यापीठ आपल्याकडे आहे, प्रयोगशाळा आहेत, आणि तासा-दीड तासावर जगातल्या सर्वांत जोरकस भरतींपैकी एकीचा गाळ पसरलेला आहे. जहाज लागत नाही. ओहोटीला चालत जाता येतं. चाळणी लागते, ग्लिसरिन लागतं, बरं भिंग लागतं, आणि बसण्याची तयारी लागते. परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी तिच्या मुलीला घेऊन आली. मुलगी अकरावीत. तिने अ‍ॅम्फिड पाहिलं, शेपूट टोकापर्यंत पाहिली, आणि विचारलं, "मॅडम, मी शोधला तर त्याला माझं नाव देता येईल?"

स्वतःचं नाव स्वतः द्यायची पद्धत नाही, मी तिला सांगितलं. पण ज्या गावच्या गाळात सापडला त्या गावाचं देता येतं. टर्शेलिंग बेटाचं दिलंच की. तिने थोडा विचार केला आणि वहीत एकाखाली एक लिहून काढलं: कावी, कंबोई, सरोद, जंबुसर, धुवारण. मग मला विचारलं, यांतल्या कुठे आधी जायचं. मी म्हटलं, सरोदला, आणि नर मिळेपर्यंत परत यायचं नाही.